मताला न टाकायच्या गोष्टी : मुलांना संविधान समजावताना

सातवीच्या वर्गात दरवर्षी पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारते: संविधानातले नियम पाळायचे कोणी? जवळजवळ सगळे हात वर होतात. "आपण, बाई!"

उत्तर मनापासून दिलेलं असतं, पण चुकीचं असतं. ही चूक मुलांची नव्हे. परिपाठात उद्देशिका म्हणवून घेताना, संविधान दिनाची घोषवाक्यं फळ्यावर लिहून देताना आपण मोठी माणसंच त्यांच्या मनात संविधानाची शाळेची नियमावली करून टाकतो. हेल्मेट घाला, कर भरा, चोरी करू नका, हे सांगणारे कायदे वेगळे. संविधान त्या कायद्यांच्या वर बसतं. कायदा कोणी करायचा, कसा करायचा, तो राबवायचा कोणी, तंटा झाला तर निवाडा कोणाचा, आणि मुख्य म्हणजे कुठला कायदा करायचाच नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे त्यातले बहुतेक नियम सरकारने पाळायचे आहेत. नागरिकांची मूलभूत कर्तव्यंही त्यात आहेत, पण ती १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने आली. मूळ संविधानात ती नव्हती.

एवढं सांगितल्यावर मुलं मान डोलावतात, पण त्यांच्या डोळ्यांत काही हललेलं दिसत नाही. पूर्वी मी इथून आकड्यांकडे वळायचे. संविधान तयार व्हायला लागली २ वर्षं, ११ महिने, १८ दिवस. मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद (म्हणजे कलमं), २२ भाग, ८ परिशिष्टं. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. आकडे खरे आहेत आणि मला ते अजूनही थक्क करतात. पण मुलं ते पाठ करायची, चाचणीत लिहायची आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विसरून जायची. आता मी आकडे शेवटी सांगते आणि सुरुवात एका तळ्यापासून करते.

महाडचं चवदार तळं सगळ्यांना नावाने माहीत असतं. त्याची गोष्ट मात्र आपण अर्धीच सांगतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथलं पाणी प्यायलं, एवढ्यावर थांबतो. नागरिकशास्त्राला लागणारा भाग त्याच्या आधी आणि नंतर आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना वापरता यावेत, असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला होता. प्रत्यक्षात तीन वर्षं त्या समाजातल्या कोणाची तळ्यावर जाण्याची हिंमत झाली नाही, कारण ठराव राबवायला कोणी पुढे आलं नाही. मग मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जमलेले लोक स्वतः गेले. त्यानंतर गावात अफवा उठली, परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, आणि १०८ घागरी ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं.

इथपर्यंत वर्ग शांत असतो. मग मी पुढचं सांगते. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला.

"असं कसं मागे घेतलं?" हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि मी त्याचीच वाट पाहत असते. उत्तर सोपं आहे: बहुमताने. सभेत बहुमताने दिलं होतं, बहुमतानेच काढून घेतलं. सभेच्या रीतीप्रमाणे पाहिलं तर सगळं रीतसर झालं.

गोष्ट तिथेच सोडून मी वर्गात मतदान घेते. प्रस्ताव असा: मधल्या सुट्टीत मैदान फक्त मुलांना मिळावं, मुलींनी वऱ्हांड्यात खेळावं. एका वर्षी वर्गात २४ मुलगे आणि १७ मुली होत्या. हात वर झाले, मोजले, प्रस्ताव मंजूर. मुलगे ओरडले, मुली चिडल्या. मी म्हटलं, लोकशाही आहे, पुन्हा मतदान घेऊ. पुन्हा तेच. उद्या घेतलं तरी तेच होणार, कारण २४ कधी १७ होणार नाहीत. बराच वेळ गलका चालला. शेवटी मागच्या बाकावरून तोडगा आला, आणि तो एका मुलाने सांगितला: "बाई, हे मताला टाकायचंच नाही."

त्या दिवशी फळ्यावर मी तेच वाक्य लिहिलं आणि त्याखाली 'मूलभूत हक्क' असं लिहिलं. काही गोष्टी मतदानाने ठरतात: सहल कुठे न्यायची, निधी कशावर खर्च करायचा, सरकार कोणाचं यावं. काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात: माणसाला माणूस मानायचं की नाही, पाणी प्यायला द्यायचं की नाही, कोणी काय विचार करावा, कोणाची पूजा करावी. पहिल्या प्रकारच्या गोष्टींसाठी निवडणूक आहे. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी निवडणुकीच्या हाताला लागू नयेत म्हणून संविधान आहे. आपल्याकडे 'बळी तो कान पिळी' म्हणतात. बळ फक्त लाठीत असतं असं मुलांना वाटतं. संख्येतही बळ असतं, हे त्यांना त्या मैदानाच्या मतदानातून कळतं.

दुसऱ्या दिवशी मी संविधानाची प्रत वर्गात आणते आणि अनुच्छेद १५चा दुसरा खंड मोठ्याने वाचायला लावते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, तसंच विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यास मनाई करता येणार नाही, असं त्यात आहे. 'पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून' चालवलेल्या जागा, असे शब्द आहेत. मुलं वाचता वाचता 'तलाव' या शब्दापाशी थांबतात. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तलाव कशासाठी आले, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. १९२३च्या ठरावातला आशय २६ जानेवारी १९५० रोजी अशा जागी जाऊन बसला, जिथून कुठल्याही नगरपालिकेला तो मागे घेता येणार नाही. आणखी एक लक्षात आणून देते: बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, पण हा खंड आणि अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ शेजाऱ्यालाही बांधतात, हॉटेलवाल्यालाही बांधतात.

महाडची गोष्ट अजून संपलेली नसते. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे दुसरी परिषद भरली. त्याच्या थोडंच आधी काही सवर्ण गावकऱ्यांनी तळं खासगी असल्याचा दावा कोर्टात लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसं सत्याग्रहाच्या तयारीने जमली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं, आणि लढा कोर्टात नेला. निकाल एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात जात राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा कौल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचं दावेदारांना सिद्ध करता आलं नाही. पाणी पिण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हायला दहा वर्षं लागली.

ज्या माणसाच्या लोकांना मार बसला होता, त्याने कोर्टाचा हुकूम पाळला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना तोच माणूस म्हणाला की घटनात्मक नीतिमत्ता, म्हणजे घटनेची रीत मनापासून पाळणं, ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते. हे वाक्य मी महाडच्या मनाईहुकुमाशेजारी ठेवून शिकवते. एरवी ते सुविचारासारखं वाटतं आणि सूचनाफलकावर जाऊन बसतं.

आता शासनाची तीन अंगं शिकवणं सोपं होतं. कायदेमंडळ ठराव करतं, नगरपालिका किंवा सरकार तो राबवतं (किंवा राबवत नाही), आणि न्यायालय तंटा सोडवतं. तिन्ही पात्रं मुलांनी गोष्टीत आधीच पाहिलेली असतात. त्यांची नावं विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ अशी आहेत, एवढंच सांगायचं राहतं. तिघांना वेगळं का ठेवायचं, हेही मुलंच सांगतात: ज्याने ठराव मागे घेतला, त्याच्याचकडे न्याय मागायला गेलो असतो तर?

मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, या वाक्याने मात्र मुलं हमखास पेंगतात. तिथे मी १७ एप्रिल १९९९ची लोकसभा सांगते. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते आणि विश्वासदर्शक ठरावावर मतदान चाललं होतं. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने देशाचं सरकार पडलं. सैन्य बाहेर आलं नाही, कोणी कोणाला अटक केली नाही. पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि पुढे निवडणूक झाली. "एका मताने?" असं मुलं दोनदा विचारतात. त्यानंतर 'जबाबदार' हा शब्द पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

केंद्र आणि राज्य यांच्यातली अधिकारांची वाटणी मी थोडक्यातच घेते. पोलीस राज्याकडे, रेल्वे आणि चलन केंद्राकडे, शिक्षण १९७६पासून दोघांकडे, गावची गटारं ग्रामपंचायतीकडे. तक्रार कोणाकडे न्यायची ते कळलं की या वयाला पुरे.

मग नववीच्या वर्गात एखादा थोराड विद्यार्थी खरा अवघड प्रश्न विचारतो. नगरपालिका ठराव बदलू शकते, तशी संसद संविधान बदलू शकत नाही का? शकते. अनुच्छेद ३६८ त्यासाठीच आहे. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. आजवर शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१व्या दुरुस्तीने. पण मग दोन तृतीयांश जमवून कोणी मूलभूत हक्कच पुसले तर?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात १३ न्यायमूर्ती बसले. केरळातल्या कासरगोडजवळच्या एका मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनीवरून केलेला तो अर्ज होता, आणि त्यांच्या बाजूने मुंबईचे वकील नानी पालखीवाला लढले. २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला: संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मी मुलांना घराचं उदाहरण देते. खिडकी मोठी करा, भिंतीला रंग द्या, वर माळा चढवा. तुळई कापू नका. चौकटीत नेमकं काय येतं याची यादी त्या निकालाने करून दिली नाही. ती पुढच्या खटल्यांतून भरत गेली आहे. हे मी मुलांपासून लपवत नाही. १३ जाणत्या माणसांत ७ आणि ६ अशी फूट पडली, याचाच अर्थ प्रश्न अवघड होता.

आणि मग आणीबाणी. काही शिक्षक हा भाग घाईत उरकतात, मला ते पटत नाही. संविधान ठरल्याप्रमाणे चाललं तेव्हाचं जसं शिकवायचं, तसं ते कोसळलं तेव्हाचंही शिकवायला हवं. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात असंख्य लोक खटल्याविना तुरुंगात होते. त्यांना न्यायालयात दाद मागता येईल का, या प्रश्नावर एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी 'नाही' असं उत्तर दिलं. एकटे न्या. हंसराज खन्ना 'हो' म्हणाले. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांच्याऐवजी दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने तरतूद केली की जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण देणारा अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही. त्या चार न्यायमूर्तींत आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चूक होता, असं २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं, तेव्हा त्या पीठाच्या मुख्य निकालपत्रावर त्यांच्या मुलाची, धनंजय चंद्रचूड यांची सही होती. वडिलांची चूक मुलाने अशी भर न्यायालयात लिहून काढली, हे ऐकून वर्गातली मुलं एकमेकांकडे बघतात.

मुलांना सगळ्यात जवळची वाटते ती मात्र शाळेचीच गोष्ट. १९८५ साली केरळातल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या पंथात तशी मनाई होती. मुलं सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि १९८६ साली जिंकली. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही, उभं राहण्यात आदर आहे, आणि कोणाला श्रद्धेविरुद्ध बोलायला लावता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. या गोष्टीवर माझ्या वर्गात दरवर्षी भांडण होतं. काही मुलांना निकाल मुळीच पटत नाही. मी त्यांना पटवायला जात नाही. फक्त मैदानाच्या मतदानाची आठवण देते आणि विचारते, अख्ख्या शाळेने मतदान घेतलं असतं तर त्या तिघांचं काय झालं असतं?

अनुच्छेद ३२ इथे सांगायचा. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार वाजवण्याचा हक्क त्याने दिला. बाबासाहेबांनी त्याला संविधानाचा आत्मा म्हटलं, ते का, हे त्या तीन भावंडांमुळे कळतं. दार नसलेल्या घराचे हक्क घेऊन काय करायचं?

संविधानात वचनंही आहेत, ज्यांच्यासाठी कोर्टात जाता येत नाही. त्यांना मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. मुलांना वाटतं, कोर्ट नाही तर उपयोग काय? त्यांना मी त्यांच्याच बाकाची गोष्ट सांगते. मूळ अनुच्छेद ४५मध्ये लिहिलं होतं की दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. म्हणजे १९६०पर्यंत. ते झालं नाही. पुढे १९९० च्या दशकात न्यायालयाने शिक्षणाला जगण्याच्या हक्कात धरलं, २००२ साली ८६व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. दहा वर्षांचं वचन साठ वर्षांनी हक्क झालं. या उशिरात ज्यांच्या आजीची शाळा सुटली, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. वचन लिहून ठेवलेलं नसतं, तर ते कशाच्या आधारावर मागितलं असतं, हाही प्रश्न मी विचारते.

आता पुन्हा उद्देशिका. एवढं सगळं झाल्यावर ती वाचली की मुलांचा आवाज बदलतो. तिच्या शेवटी 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' असे शब्द आहेत. कोणी कोणाला अर्पण केलं? राजाने प्रजेला नाही, ब्रिटिशांनी आपल्याला नाही. आम्ही, आम्हालाच. पहिल्या निवडणुकीची यादी बनवताना हे 'आम्ही' किती अवघड होतं तेही सांगते. १९५१-५२च्या त्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. पण अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून गळली. मतदार व्हायला आधी स्वतःच्या नावाने हजर राहावं लागतं, हे त्या वेळी देश शिकत होता. मुली हे ऐकताना काही बोलत नाहीत, पण वहीत लिहून घेतात.

उद्देशिकेतला 'बंधुता' हा शब्द मी शेवटी ठेवते, कारण त्याला कोर्ट नाही. समतेसाठी दावा लावता येतो. शेजाऱ्याला आपलं मानावं, यासाठी कुठला अर्ज करणार? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की २६ जानेवारीपासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण शिरणार आहोत. ती विसंगती आज कुठे दिसते, हे मी मुलांना गावातल्या पाण्याच्या जागा पाहून यायला सांगून विचारते. हापसा कोणत्या आळीत आहे, टाकी कोणत्या, नळ शेवटी कोणाच्या दारात पोहोचतो. नकाशा काढून आणायचा. काही नकाशे बघून मलाच गप्प बसावं लागतं.

शेवटचा तास शाळेत होत नाही, ग्रामसभेत होतो. ७३व्या दुरुस्तीने, एप्रिल १९९३ पासून, ग्रामपंचायत आणि ग्रामसभा थेट संविधानात आल्या. पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, आणि महाराष्ट्रात त्या पुढे निम्म्या झाल्या. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरवण्याचा रिवाज आहे. मुलांना मत नसतं. पण सरपंचांना आधी विचारून ठेवलं तर मागे सतरंजीवर बसून ऐकता येतं. झेंडावंदन झालं की खाऊ घेऊन घरी पळण्याऐवजी मुलं वह्या घेऊन तिथे बसतात. वहीत तीन रकाने आखलेले असतात: ठराव कोणी मांडला, पैसे कुठून येणार, काम कोण करणार. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो तसाच ठेवायला सांगते. वही घरी न्यायची नाही, वर्गाच्या कपाटात ठेवायची, आणि पुढच्या २६ जानेवारीला तेच पान घेऊन पुन्हा त्याच सतरंजीवर बसायचं.